आज येत नाही, साहेब

कामावर येता येणार नसेल तर ते कळवायचं कसं, या प्रश्नाला प्रत्येकाकडे तयार उत्तर असतं. लवकर फोन करावा, खरं कारण सांगावं, नम्रपणे बोलावं. हे एवढं सोपं असतं तर भोसरीपासून चाकणपर्यंतच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत रोज सकाळी पावणेसातला सुपरवायझरच्या मोबाइलवर ‘साहेब, ताप आहे, आज येत नाही’ असे निरोप येऊन पडले नसते. ताप खरा असतो कधी, कधी नसतो. गणपतीच्या आदल्या दिवशी तो जरा जास्तच पसरतो, हे सगळेच जाणतात. माझं म्हणणं असं आहे, की ऐनवेळचा निरोप कामगाराच्या स्वभावातून कमी आणि रजा देण्याच्या पद्धतीतून जास्त जन्मतो. आधी सांगणाऱ्याला नकार आणि ऐनवेळी सांगणाऱ्याला फक्त बोलणी, असा व्यवहार असेल तर शहाणा माणूस ऐनवेळीच सांगणार. हे म्हणणं तपासायला समोर अडवणारा कोणीतरी हवा, म्हणून पाळी सांभाळणारा सुपरवायझर घेतला आहे. तो कोणी एक माणूस नाही. त्या खुर्चीत बसणाऱ्याला जे बोलावंसं वाटेल ते तो बोलतो. तो मला ताई म्हणतो, मी त्याला साहेब.

सुपरवायझर: ताई, तुम्ही कायद्याच्या गोष्टी कराल, पण आधी पावणेसातचे माझे हाल बघा. माझ्या लाइनवर सात मशिनं. तिसऱ्यावरचा आला नाही की पुढची चार बसली, कारण माल त्याच्या हातून पुढे जातो. रात्रपाळीचा पोरगा हातपाय धुऊन, बॅग खांद्याला लावून गेटकडे निघालेला असतो. त्याला हाक मारायची, ‘बाबा, चार तास थांब’ म्हणून विनवायचं. त्याला मुलीला शाळेत सोडायचं असतं, बायको स्वतः कामाला जाणार असते. तरी तो थांबतो, कारण पुढच्या आठवड्यात त्यालाही माझ्याकडून काहीतरी लागणार असतं. आणि हे कशामुळे, तर एकाला रात्री नऊलाच माहीत होतं की उद्या जायचं नाही, पण त्याने फोन केला नाही. याला बेजबाबदारपणा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

लेखिका: बेजबाबदारपणाच म्हणायचं. तुमच्या बोलण्यातला तो बॅग लावून निघालेला पोरगा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गैरहजेरीवरचं भांडण नेहमी मालक आणि कामगार या दोघांत चालतं, पण तिची किंमत पहिल्यांदा भरतो तो तिसरा. 1948 च्या कारखाना कायद्याने जादा तासांना दुप्पट मजुरी ठरवून त्या तासांचं मोल केलं, पण ते तास कोणाच्या वाट्याला यायचे हे मात्र पावणेसातच्या फोनवर ठरतं. म्हणून कळवण्याची जबाबदारी आधी त्या सोबत्याशी आहे, कंपनीशी नंतर, असं मी धरते. हे एकदा धरलं की निरोपात काय असावं तेही ठरून जातं. समजा आदल्या संध्याकाळी असा निरोप आला: ‘साहेब, दुपारपासून ताप आहे. उद्या पहिल्या पाळीला येत नाही. परवाचं उद्या संध्याकाळी सहापर्यंत कळवतो. तीन नंबरवर बोअरचा इन्सर्ट आजच बदललाय, पहिले दोन पीस गेज लावून तपासायला सांगा. गेज टूलरूमच्या वरच्या खणात आहे.’ या पाच वाक्यांत तापाला एकच वाक्य आहे. बाकीची चार कामाबद्दल आहेत: कधी नाही, किती दिवस नाही, पुन्हा कधी कळेल, आणि माझ्या जागी उभा राहणाऱ्याने काय सांभाळावं. एरवी तुमच्याकडे येणारे निरोप बरोबर उलटे असतात. ताप किती, उलट्या किती झाल्या, सलाइन लावलं की नाही, याचं साग्रसंगीत वर्णन. आणि मशीन कोणत्या अवस्थेत सोडलं याबद्दल अवाक्षर नाही. कारण कळवणाऱ्याला वाटत असतं की आपल्यावर विश्वास बसायला हवा. तुम्हाला त्या क्षणी विश्वास नको असतो, माणूस हवा असतो.

सुपरवायझर: माणूस हवा हे खरं, पण म्हणून कारणच विचारायचं नाही? उद्यापासून सगळे म्हणतील, ‘येत नाही, इन्सर्ट बदललाय.’ माझ्याकडे असे दोघे-तिघे आहेत की ज्यांची आजी तीनदा वारली. त्यांना मी काही बोलायचं नाही?

लेखिका: बोला ना, पण आजीबद्दल नको. आजी खरी वारली की खोटी, हे ठरवायला तुमच्याकडे ना वेळ आहे ना साधन. उलटतपासणी सुरू केली की दोन गोष्टी घडतात. खोटं बोलण्यात तरबेज असलेला सुटतो, आणि ज्याचं कारण खरं पण सांगायला अवघड असतं तो अडकतो. घरात दारूवरून झालेली मारामारी, मूळव्याध, पाळीचा त्रास, नैराश्य, बायकोचा गर्भपात. सकाळी पावणेसातला साहेबाला फोनवर हे कोण सांगेल? तो ‘ताप’ म्हणतो, आणि पुढच्या वेळी खरा ताप आला तरी तुमच्या लेखी तो खोटारडाच राहतो. कारखान्यांसाठी केंद्र सरकारने जे नमुना स्थायी आदेश केले त्यांत किरकोळ रजेबद्दल फार समंजस वाक्य आहे. वर्षाला दहा दिवसांपर्यंत, एका वेळी सहसा तीन दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि ती आधी कळू न शकणाऱ्या अडचणींसाठी. शक्यतो आधी परवानगी घ्यावी. ते जमण्यासारखं नसेल तर शक्य तितक्या लवकर खातेप्रमुखाला लेखी कळवावं, आणि ही गैरहजेरी साधारण किती दिवसांची असेल तेही कळवावं. किती दिवस, हे कायद्याला हवं आहे. आजीचं वय त्याने विचारलेलं नाही. तुमच्या त्या दोघा-तिघांसाठीही त्याच नमुन्यात सोय आहे: परवानगीशिवाय गैरहजर राहण्याची सवय, किंवा परवानगीशिवाय दहा दिवसांहून जास्त गैरहजेरी, ही गैरवर्तणूक धरली आहे. सवय म्हणजे काय, तर मस्टरवर दिसणारी गोष्ट. चार महिन्यांत सहा सोमवार गेले, सहाही वेळा निरोप पाळी सुरू झाल्यावर आला, हे तारखेनिशी समोर ठेवा आणि विचारा. त्याला नाकारता येणार नाही, तुम्हालाही गोष्टी ऐकत बसावं लागणार नाही. एकेका दिवसाचं कारण खणणं आणि वर्षभराची चाल बघणं यांत दुसरं काम जास्त न्यायाचं आहे, आणि कमी कष्टाचंही.

सुपरवायझर: मग डॉक्टरचा दाखला मागू. एका दिवसाला पण. म्हणजे कोणाचं खोटं नको आणि माझी उलटतपासणी नको.

लेखिका: एका दिवसाच्या तापाला दाखला मागितला की तापलेला माणूस पडून राहण्याऐवजी दवाखान्याच्या रांगेत बसतो. औषधाची गरज नसली तरी तपासणीचे पैसे मोजतो, आणि शेवटी जो कागद आणतो त्यावर डॉक्टरने रुग्णाच्याच सांगण्यावरून लिहिलेलं असतं. ज्याला खरंच दांडी मारायची आहे त्याला असा कागद कुठे मिळतो हे तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. दाखल्याची खरी जागा पैशाशी जोडलेली आहे. कर्मचारी राज्य विम्याचं बघा. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के मिळतात, आणि तिथे वैद्यकीय दाखला लागतोच. लागायलाच हवा, पैसा सगळ्यांच्या वर्गणीतून जातो. पण त्या योजनेनेही आजाराचे पहिले दोन दिवस सहसा भरपाईतून वगळले आहेत. आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा दुखणं उलटलं तरच ते मिळतात. म्हणजे छोट्या आजारपणाचा भुर्दंड आधीच कामगाराच्या खिशातून जातो. त्यावर पुन्हा दाखल्याची सक्ती केली तर एक दिवस घरी राहून बरा होणारा माणूस विचार करतो, ‘दाखला आणायचाच आहे, तर तीन दिवसांचाच आणू.’ एका दिवसाची गैरहजेरी तीन दिवसांची होते, तीही कागदोपत्री पक्की. तीन दिवसांपलीकडे दाखला मागा, त्याच्या आत माणसाच्या शब्दावर चाला. त्या शब्दाचा गैरवापर झाला तर मस्टर आहेच.

सुपरवायझर: बरं, कारण सोडलं, दाखला सोडला. पण माझ्या मूळ प्रश्नाचं काय? त्याला रात्री नऊला माहीत होतं. सांगितलं का नाही? नीट निरोप द्यायला कोणी अडवलं होतं?

लेखिका: तुम्हीच अडवलं होतं, साहेब. राग मानू नका. त्या खुर्चीत दुसरा असता तरी हेच झालं असतं. हाच माणूस तीन आठवड्यांपूर्वी रजेचा अर्ज घेऊन आला होता. बहिणीचा साखरपुडा, सोमवारी. तुम्ही म्हणालात, ‘सोमवारी माल जायचाय, माणूस नाही, जमणार नाही.’ त्याने अर्ज घडी करून खिशात घातला, आणि रविवारी रात्री त्याला ताप आला. आता त्याने केलेला हिशेब मांडून बघा. आधी सांगितलं तर नकार, आणि नकारानंतर गेलो तर हुकूम मोडला म्हणून नोटीस. पावणेसातला ताप कळवला तर दोन शिव्या आणि फार तर एक दिवसाची मजुरी. प्रामाणिकपणा महाग आणि खोटं स्वस्त, असा दर तुमच्याच खिडकीवर लागला आहे. गिऱ्हाइकाने स्वस्त माल उचलला तर नवल काय? हे फक्त कारखान्यात चालतं असंही नाही. ज्या वाचकांच्या घरी धुण्याभांड्याला मावशी येतात त्यांनी स्वतःला विचारावं. मावशींनी आठवडाभर आधी सांगितलं की ‘ताई, गुरुवारी येणार नाही’, तर ‘गुरुवारी पाहुणे आहेत, शुक्रवारी करा ना’ हे उत्तर ठरलेलं असतं. न सांगता खाडा केला तर फक्त कुरकुर. मग त्या न सांगता खाडा करतात आणि आपण त्यांना बेभरवशाच्या म्हणतो. फरक एवढाच की मावशींना पगारी रजेचा आधारही नाही, तुमच्या माणसाला तो आहे आणि तरी त्याला तो वापरता येत नाही.

सुपरवायझर: पण मी नाही म्हणालो ते खोटं नव्हतं. सोमवारी माल जायचाच होता. मी हो म्हटलं असतं तर आणखी चौघे आले असते, कोणाचा साखरपुडा, कोणाचं जावळ. सगळ्यांना हो म्हणून कारखाना चालतो का?

लेखिका: सगळ्यांना हो म्हणून चालत नाही. पण नाही म्हणायचं कसं, याचा नियम कायदा करणाऱ्यांनी फार आधी विचार करून लिहिला, आणि तो फारसा कोणी वाचत नाही. कारखाना कायद्याच्या 79 व्या कलमात पगारी रजेची व्यवस्था होती. वर्षात 240 दिवस भरले की पुढच्या वर्षी प्रत्येक वीस दिवसांमागे एक दिवस. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी 2020 ची कामगार सुरक्षा संहिता आली, आणि तिने 240 ची अट 180 वर आणली. 79 व्या कलमाप्रमाणे या रजेसाठी पंधरा दिवस आधी अर्ज करायचा असे. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच कलमात पुढे काय होतं बघा. वेळेत केलेला अर्ज नाकारता येत नसे. नाकारायचा तर कामगार प्रतिनिधींच्या संमतीने आधी ठरवून, लिहून, फलकावर लावलेल्या रजेच्या योजनेनुसारच नाकारता येई. त्या योजनेमुळे रजा नाकारली गेली तर ती बुडत नसे. एरवी पुढच्या वर्षात नेता येणारी रजा तीस दिवसांवर अडते, पण नाकारलेली रजा कितीही साठवता येते. आणि आजारपणासाठी हीच रजा हवी असेल तर पंधरा दिवसांची अटसुद्धा लागू नव्हती. म्हणजे कायद्याने तीन पातळ्या केल्या. आधी सांगणाऱ्याला जवळजवळ हमी. कामाच्या अडचणीमुळे त्याला थांबवलं तर त्याच्या रजेला संरक्षण. आजाऱ्याला मुदतीतून सूट. यात ‘माणूस नाही, जमणार नाही’ या तोंडी उत्तराला कुठेच जागा नव्हती. तुमचा सोमवारचा नकार कदाचित योग्यच असेल, पण तो तुमच्या तोंडून आला, योजनेतून नाही. म्हणून तो त्याला नियम वाटला नाही, मर्जी वाटली. नियमापुढे माणूस कुरकुरत का होईना थांबतो. मर्जी चुकवण्याच्या वाटा मात्र तो शोधत राहतो.

सुपरवायझर: योजना लिहिली तरी माणसं वाढत नाहीत, ताई. सात मशिनं आणि सात माणसं. मॅनेजमेंट आठवा देत नाही.

लेखिका: इथे मी तुमच्या बाजूला आहे, आणि हे सगळ्यात जुनं दुखणं आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांना शंभर वर्षांपूर्वी हे उमगलं होतं की रोज काही माणसं येणार नाहीतच. मे महिन्यात कोकणात, घाटावर जाणाऱ्यांची रीघ लागायची. लग्नं असायची, पावसाआधीची शेतीची कामं असायची. गिरणीने त्यासाठी बदली कामगार ठेवले. आधी ती भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातात होती. सकाळी गेटवर गर्दी, त्यातून जॉबर बोट दाखवेल तो आत, आणि आत जाण्यासाठी त्याला दस्तुरी द्यायची. 1935 मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदलीवर नियंत्रणाची पद्धत आणली: महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक बदलींना कार्ड, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचं, आणि रिकामी जागा आधी कार्डवाल्याला. ती व्यवस्था काही आदर्श नव्हती. कार्ड असूनही काम न मिळता परत जाणाऱ्याला त्या दिवसाचं काहीच मिळत नसे, आणि माणसं वर्षानुवर्षं बदलीच राहिली. गैरहजेरीचं ओझं कायम कामगाराकडून अर्धवट कामगाराकडे सरकलं, इतकंच. तरी मालकांनी एक गोष्ट मान्य केली होती: गैरहजेरी हा अपघात नाही, ती धरून चालायची गोष्ट आहे. आजच्या लाइनने ते मान्य करणं सोडून दिलं आहे. सात मशिनांना सात माणसं असा हिशेब मांडणाऱ्याने कागदावर ठरवलं आहे की वर्षभर कोणालाही ताप येणार नाही, कोणाचीही बहीण लग्नाची होणार नाही. त्या कागदाची चूक रोज सकाळी तुम्ही भरून काढता, तुमच्याकडून ती रात्रपाळीच्या पोराकडे जाते, आणि दोष मात्र न आलेल्याच्या नावावर लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या मशीनवर चालेल असा एक जादा ऑपरेटर तयार ठेवणं महाग आहे, मान्य. पण दुप्पट दराचे तास, बिघडलेले पीस आणि बसलेली चार मशिनं यांचा खर्च कोणी कधी त्याच्या शेजारी मांडून बघितला आहे का? तो मांडायला लावणं हे तुमच्या हातात आहे. न येणाऱ्या माणसाच्या हातात ते नाही.

सुपरवायझर: मॅनेजमेंटने जे केलंय ते उलट आहे. हजेरी बोनस लावलाय. महिनाभर एकही खाडा नाही तर वर पैसे. त्याने हजेरी सुधारली, हे मला दिसतंय.

लेखिका: हजेरी सुधारली, पण कोण हजर झालं ते बघा. बोनससाठी अंगात ताप घेऊन, सर्दीची गोळी खाऊन माणूस पॉवर प्रेसवर उभा राहतो. त्या गोळ्यांपैकी बऱ्याच झोप आणणाऱ्या असतात, आणि प्रेसला बोट आणि पत्रा यांतला फरक कळत नाही. फ्लूचा माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच इतरांना लागण करू शकतो, आणि पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जास्त. त्याने बसमधून येऊन, कँटीनमध्ये बसून एक दिवस वाचवला, आणि पुढच्या आठवड्यात तुमच्या लाइनवरचे तिघे झोपले. कँटीनमधल्याने असं केलं तर ते बेजबाबदारच नाही, बेकायदाही आहे. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांप्रमाणे अन्नातून पसरू शकेल असा आजार असलेल्या माणसाला स्वयंपाकाच्या जागेत येऊ द्यायचं नसतं. न येणंच जबाबदारीचं असतं असे दिवस असतात, आणि हजेरी बोनस नेमका त्या दिवसांवर दंड बसवतो. बोनस द्यायचाच तर कळवण्याला द्या. वर्षभरात ज्याची प्रत्येक गैरहजेरी आदल्या रात्री दहाच्या आत कळली त्याला वर पैसे. मग त्या रात्री नऊला फोन करणं परवडेल. ठेकेदाराच्या पोरांना तर हा प्रश्न जास्तच बोचतो. त्यांना वाटतं, एक दिवस गेलो नाही तर उद्या गेटपास बंद. कायद्याच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेलाही कामगारच धरलेला आहे, पगारी रजा त्यालाही लागू होते. पण ते त्याला कोणी सांगत नाही, आणि तोही विचारत नाही. ज्याला आज न येण्याची किंमत नोकरी वाटते, त्याच्याकडून सुबक निरोपाची अपेक्षा करायला तोंड हवं.

सुपरवायझर: आणि जो कळवतच नाही, त्याचं? आठ दिवस फोन बंद, नवव्या दिवशी हसत गेटवर. त्यालाही मी समजून घ्यायचं?

लेखिका: त्याला विचारायचं, आणि लेखी विचारायचं. एका कारखान्याच्या स्थायी आदेशात असा नियम होता की आठ दिवसांहून जास्त न कळवता गैरहजर राहिला तर नोकरी आपोआप संपली असं समजावं. जे. एम. ए. इंडस्ट्रीजच्या त्या खटल्यात कामगाराचं म्हणणं होतं की तो रोज गेटवर येत होता, त्यालाच आत घेतलं जात नव्हतं आणि हजेरीवर सही करू दिली जात नव्हती. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियमात ‘आपोआप’ लिहिलेलं असलं तरी माणसाला बाजू मांडण्याची संधी न देता नोकरी घालवता येत नाही. त्याला पुन्हा कामावर घ्यायला लावलं, निम्मं मागचं वेतन द्यायला लावलं. 2012 मध्ये एका केंद्रीय कर्मचाऱ्याच्या बाबतीत त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटलं की गैरहजेरी सिद्ध होणं पुरेसं नाही, ती जाणूनबुजून होती हे सिद्ध व्हायला हवं. माणूस अपघातात, आजारात, अडकून पडलेला असू शकतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि लोकल थांबल्या, फोन लागेनात. त्या दिवशी न कळवलेल्यांना कोणी बेजबाबदार म्हटलं नाही. मुंबईभर एकाच वेळी घडलेलं दिसतं, एकट्या माणसावर घडलेलं दिसत नाही एवढाच फरक. मात्र या दोन निकालांतून कामगारानेही एक गोष्ट उचलायला हवी. शब्दावर शब्द असेल तर खटला तेरा-तेरा वर्षं चालतो. म्हणून मित्राकरवी तोंडी निरोप पुरेसा नाही, आणि ग्रुपवर टाकलेला अंगठाही नाही. पाळी चालवणाऱ्याला फोन, आणि त्यामागोमाग त्यालाच दोन ओळींचा मेसेज, ज्यावर तारीख आणि वेळ आपोआप उमटते. फोनने लाइन सांभाळली जाते, मेसेजने माणूस. परतल्यावर त्याच दिवशी रजेचा अर्ज. तो राहिला की महिन्याच्या शेवटी बिनपगारी लागते आणि मग कोण काय म्हणालं होतं यावरून पुन्हा वाद.

सुपरवायझर: शाळा-दवाखान्यांत हे चालेल का? तिथे तर मशीन नाही, माणसं आहेत.

लेखिका: तिथे वेळ जास्त कडक पाळावी लागते, तत्त्व तेच. बदलीची नर्स आल्याशिवाय वॉर्ड सोडता येत नाही, म्हणून तिथे उशिरा कळवणं म्हणजे दुसरीची पाळी दुप्पट करणं. दोन शिक्षकांच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एक आला नाही की दुसऱ्याच्या अंगावर सगळे वर्ग. केंद्रप्रमुखाला कळवून भागत नाही. शेजारच्या वर्गातल्या गुरुजींना आदल्या संध्याकाळी सांगावं लागतं की चौथीला भागाकार कुठवर आला आहे. दुकानांत, ऑफिसांत हे सोपं आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने कायद्याने तर आठ किरकोळ रजा तिमाहीवार खात्यात टाकल्या आहेत, मागायला जायचं कारणच उरत नाही.

सुपरवायझर: ठीक. रजेची यादी मी लावतो. गणपतीची जूनमध्येच लावतो, एका वेळी लाइनवरून दोघे, आणि गेल्या वर्षी कोण गेलं होतं ते शेजारी लिहितो, म्हणजे ज्याला तेव्हा मिळाली नाही त्याचा नंबर आधी. कारणही विचारणार नाही, किती दिवस आणि मशीन कसं सोडलं एवढंच. पण रजा नाकारली तर ती लेखी नाकारायची, हे आमचे वरचे साहेब मान्य करणार नाहीत. लेखी दिलं की युनियन तो कागद घेऊन बसणार.

लेखिका: बसू द्या. कामगाराकडून तुम्ही लेखी मागता तेव्हा तुम्हीही कागद घेऊन बसताच ना? आणि वरच्या साहेबांना हे सांगा, की तो कागद नसेल तर त्या माणसाला रजा मागितली होती आणि नाकारली गेली हे दाखवता येणार नाही, आणि वर्षअखेरीला तीस दिवसांवरची त्याची रजा पुढे नेता येणार नाही. एकदा असं झालं की पुढच्या वर्षी तो अर्ज करणार नाही. त्याला रविवारी रात्री ताप येईल.